मैफलीत कॅमेरा घेऊन बसताना

मैफलीचे फोटो काढायचे म्हटलं की नवखा माणूस आधी विचारतो, लेन्स कुठली घेऊ? त्याचं उत्तर पुढे येईलच. पण शास्त्रीय संगीताच्या मैफलीत चांगला फोटो मिळणं आणि आजूबाजूच्यांच्या शिव्या न खाणं, या दोन्ही गोष्टी लेन्सपेक्षा एका साध्या गोष्टीवर अवलंबून असतात: समोर काय चाललंय हे तुम्हाला कळतंय का? आलाप (रागाचा संथ विस्तार) कुठला, बंदिश (तालात बांधलेली रचना) कधी सुरू झाली, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येणार, एवढं जरी ओळखता आलं तरी अर्धे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. म्हणून हा लेख मुख्यतः गाण्या-वाजवण्याच्या बैठकीबद्दल आहे. स्टेडियममधल्या कॉन्सर्टचे नियम निराळे असतात, ते शेवटाकडे थोडक्यात सांगतो.

पहिली पायरी: परवानगी

तिकीट काढलं म्हणजे फोटोची परवानगी मिळाली, असं होत नाही. तिकिटाच्या मागे किंवा ऑनलाइन तिकिटाच्या अटींत बहुतेक वेळा छायाचित्रण, ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरणाबद्दल एक ओळ असते. ती वाचा. तिथे काहीच नसेल तर आयोजकांना आधी विचारा. कार्यक्रमाच्या दिवशी दारात विचारू नका. त्या वेळी त्यांच्या डोक्यात पासांचा गोंधळ असतो, प्रमुख पाहुणे अजून पोचलेले नसतात आणि ध्वनिव्यवस्थेतून घूं असा आवाज येत असतो. अशा माणसाकडून ‘नाही’ हेच उत्तर मिळतं.

दोन-तीन दिवस आधी एवढा निरोप पुरतो: “नमस्कार. शनिवारच्या मैफलीला मी श्रोता म्हणून येतोय. फ्लॅश न वापरता, जागेवर बसून, आवाज न करणाऱ्या कॅमेऱ्यानं काही फोटो काढायची इच्छा आहे. व्हिडिओ काढणार नाही. निवडक फोटो तुम्हाला आणि कलाकारांना पाठवीन. चालेल का?” या निरोपात आयोजकांच्या सगळ्या शंका आधीच मिटतात. फ्लॅश नाही, उभं राहणं नाही, व्हिडिओ नाही आणि वर त्यांना फोटोही मिळणार.

आयोजक ‘हो’ म्हणाले तरी कलाकाराचा शब्द शेवटचा. काहींना कॅमेरा अजिबात चालत नाही आणि तो त्यांचा हक्क आहे. किशोरीताई आमोणकरांचा मैफलीतल्या शांततेबद्दलचा आग्रह सर्वश्रुत होता. परदेशातलं एक उदाहरण द्यायचं तर पोलिश पियानोवादक क्रिस्टियान झिमरमान २०१३ साली जर्मनीतल्या एस्सेन शहरातल्या महोत्सवात वाजवत असताना एक श्रोता मोबाईलवर चित्रीकरण करताना दिसला, आणि ते मंचावरून उठून आत गेले. ते परत आले खरे, पण त्या संध्याकाळची रया गेली ती गेलीच. आपल्याकडे कलाकार सहसा उठून जात नाहीत, नुसते बघतात. ते बघणं पुरेसं असतं.

मोठ्या महोत्सवांत आणखी एक पायरी असते. पुण्यातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला, आणि आर्य संगीत प्रसारक मंडळ तो दर डिसेंबरला भरवतं. अशा ठिकाणी वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी आणि आयोजकांनी नेमलेल्यांसाठी वेगळे पास असतात. मंचाजवळची जागा त्यांची. तुमच्या गळ्यात मोठा कॅमेरा आहे म्हणून त्यांच्या रांगेत जाऊन बसलात तर स्वयंसेवक उठवणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. सवाईला जायचंच असेल तर तिथे लागणारी छायाचित्र प्रदर्शनं मात्र चुकवू नका. पुण्याचे सतीश पाकणीकर वर्षानुवर्षं कलावंतांचे फोटो टिपत आले आहेत. तसं काम निवांत उभं राहून बघितलं की मैफलीच्या फोटोत काय असायला हवं, हे दहा लेख वाचून कळणार नाही तेवढं कळतं.

घरून निघताना

कपडे गडद रंगाचे. पांढराशुभ्र झब्बा घालून विंगेजवळ बसलात तर मंचावरच्या उजेडात तुम्हीच चमकता. पायात आवाज न करणारं काहीतरी. मंचावर किंवा भारतीय बैठकीच्या गाद्यांवर जावं लागलं तर चपला बाहेरच काढायच्या, त्यामुळे बंदवाले बूट नकोतच.

बॅगेकडे नीट लक्ष द्या. वेल्क्रोची बॅग मैफलीला आणू नये, हे माझं ठाम मत आहे. आलाप चालू असताना वेल्क्रो उघडल्याचा ‘खर्र’ आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. लागणाऱ्या वस्तू निवेदन चालू असतानाच बाहेर काढून मांडीवर घ्या आणि लेन्सचं झाकण खिशात टाका. लाकडी जमिनीवर पडलेलं झाकण गोल गोल फिरत थांबायला फार वेळ घेतं.

लेन्सबद्दल एवढंच. सभागृहात मागे बसणार असाल तर ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ची (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो). ती महाग असते आणि जड असते. नव्या माणसानं ८५ मिलिमीटर एफ १.८ घेऊन आठव्या रांगेच्या आत जागा मिळवावी, छान काम होतं. घरगुती बैठकीला ५० मिलिमीटर एफ १.८ पुरते. ट्रायपॉड आणू नका. तो वाट अडवतो आणि अंधारात त्याला कुणीतरी अडखळतंच.

कॅमेऱ्याला गप्प बसवणं

हे काम घरीच करायचं. अंधारात मेन्यू शोधत बसलात की स्क्रीनचा उजेड पसरतो.

फ्लॅश बंद, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण का, तेही कळू द्या. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर फ्लॅश पडला की काही क्षण दिसेनासं होतं. मंचावरच्या माणसाचं लक्ष उडतं ते वेगळंच. शिवाय पंधराव्या रांगेतून मारलेला छोटा फ्लॅश मंचापर्यंत पोचतच नाही. त्याची झेप चार-पाच मीटरची. फोटोत पुढच्या रांगेतली टकलं लख्ख उजळतात आणि गायक होता तसाच राहतो.

त्यानंतर फोकससाठी पेटणारा लहानसा दिवा बंद करा. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो लाल, नारिंगी किंवा हिरवा असतो. तुम्हाला तो दिसत नाही, पण थेट कलाकाराच्या डोळ्यांत जातो. फ्लॅश बंद केल्याचं समाधान मानणारे नव्वद टक्के लोक हा दिवा विसरतात, अशी माझी खात्री आहे. तिसरं, फोकस लागल्यावर होणारा ‘पी-पी’ आवाज बंद. चौथं, प्रत्येक फोटोनंतर तो आपोआप स्क्रीनवर दिसतो, ती सोय बंद. पाचवं, स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी, आणि बघायचं ते व्ह्यूफाइंडरमधूनच.

शटरच्या आवाजाचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. आरशाचा जुना डीएसएलआर असेल तर ‘क्वाएट’ मोडमध्येसुद्धा खट्ट ऐकू येतं. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की आवाज शून्य. मग वाटतं, प्रश्न मिटला. पण इलेक्ट्रॉनिक शटर चित्र वरून खाली ओळी-ओळीनं वाचतं, त्यामुळे दोन अडचणी येतात. तबलजीचा हात वेगात असेल तर बोटं वाकडी, लांबट दिसतात. आणि मंचावर एलईडी दिवे असतील तर फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात, कारण हे दिवे डोळ्याला न दिसेल अशा वेगानं लुकलुकत असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. अशा दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० सेकंदाचं शटर सुरक्षित. एलईडीचं गणित दर ठिकाणी वेगळं. निवेदन चालू असताना दोन फोटो काढून पट्टे येतात का बघा. आलेच तर वेग थोडा कमी-जास्त करून बघा, नाहीतर यांत्रिक शटर लावा आणि कळ दाबायची वेळ नीट निवडा. ती कशी, ते पुढे सांगतो.

सुरुवातीचे आकडे म्हणून हे घ्या: मॅन्युअल मोड, एफ २.८ किंवा त्याहून उघडं, शटर १/१२५, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२००. वाद्यवादनाला १/२५०, द्रुत (जलद) तबल्याला १/५००. मंचामागे काळा पडदा असेल तर कॅमेरा फसतो. अंधार जास्त आहे असं समजून तो सगळंच उजळवतो आणि गायकाचा पांढरा झब्बा जळून जातो. म्हणून चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करा (फक्त तेवढ्याच भागाचा उजेड मोजा), किंवा ऑटोवर असाल तर एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा उजेड) ठेवा. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या. हल्ली आयोजकांना जांभळ्या-गुलाबी दिव्यांची हौस फार. त्या रंगात माखलेला चेहरा जेपीजीमधून माणसात आणता येत नाही. तिथे सरळ कृष्णधवल करावं, कुणाची तक्रार नसते.

बसायचं कुठे

भारतीय बैठकीत अगदी पुढे बसायला मिळालं की नवखा खूष होतो. फोटोसाठी ती जागा बहुधा वाईट. मंच तीन-चार फूट उंच, त्याच्या कडेला फुलांची सजावट, पुढे मॉनिटर स्पीकर, आणि खालून बघताना गायकाच्या हनुवटीवर माईक. चौथ्या ते आठव्या रांगेत, खुर्चीवर, रस्त्याच्या कडेला बसा. नजर मंचाच्या पातळीला येते आणि बाहेर पडावं लागलं तर कुणाचे गुडघे हलवावे लागत नाहीत.

मधोमध बसू नका, थोडं डावीकडे किंवा उजवीकडे सरका. समोरून गायकाचं तोंड माईकनं झाकलेलं असतं, बाजूनं मोकळं दिसतं. कुठल्या बाजूला, हे माईक कसा लावलाय त्यावर ठरतं. म्हणून थोडं आधी जाऊन माईक बघावा आणि मग जागा पकडावी. बासरीवादक असेल तर बासरी कुठल्या हाताला जाते ते बघा. ती ज्या बाजूला जाते त्या टोकाकडून काढलेल्या फोटोत बासरी लेन्सवर रोखलेली आणि आखूड दिसते. संतूरवादकाची मान खाली असते, त्यामुळे तिथे मात्र खालची जागा बरी.

विंगेतून फोटो घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. परवानगी मिळाली तरी कलाकारांच्या येण्याजाण्याच्या वाटेत, ध्वनियोजकाच्या समोर आणि पडदा ओढणाऱ्याच्या जवळ उभं राहायचं नाही. विंगेतून गायकाच्या मागे श्रोत्यांचा अंधार येतो, तो छान दिसतो. पण समोरच्या विंगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचे बॉक्सही चौकटीत येतात. ते फ्रेममधून काढता येत नसतील तर खाली येऊन बसा.

एकदा बसलात की बसलात. चालू गाण्यात जागा बदलायची नाही. एक राग संपला, टाळ्या सुरू झाल्या की वाकून, झटकन.

कळ कधी दाबायची

बहुतेक सूचनापत्रकं ‘पहिली दहा मिनिटं फोटो काढा, मग बंद’ असं सांगतात. पत्रकारांच्या सोयीसाठी तो नियम ठीक आहे, पण ख्याल गायकीला तो उलटा पडतो. पहिली दहा मिनिटं हाच सगळ्यात नाजूक काळ. गायक षड्ज (सा) लावतोय, तानपुऱ्यात आवाज मिसळतोय, सभागृह शांत होतंय. त्या वेळी काढलेले फोटोही यथातथाच येतात, कारण चेहरा अजून गाण्यात शिरलेला नसतो. आयोजकांनी दहा मिनिटांची अट घातली असेल तर ती पाळायचीच, पण तुम्हाला निवड असेल तर सुरुवातीला कॅमेरा मांडीवर ठेवा.

विलंबित (संथ लयीच्या) ख्यालात एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण मिनिटाचं, कधी एक मिनिटाचंही असतं. गायक त्यात आलापी करत फिरतो, आणि सम जवळ आली की बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी सुरुवातीची ओळ, पकडतो. हा मुखडा म्हणजे छायाचित्रकाराला मिळालेली पूर्वसूचना. मुखडा सुरू झाला की कॅमेरा डोळ्याला लावा. समेवर तबल्याचा ठोका पडतो, गायकाचा हात खाली येतो किंवा पसरतो, साथीदार मान डोलावतात, श्रोत्यांतून ‘वा’ निघते. दाबा कळ. डीएसएलआरचा खट्ट त्या ‘वा’मध्ये विरून जातो आणि तिघा-चौघांचे चेहरे एकाच वेळी जिवंत मिळतात. नंतर पुन्हा पाऊण मिनिट शांत बसा आणि ऐका. दोन-तीन आवर्तनांत लय अंगात भिनते आणि घड्याळाकडे बघावं लागत नाही.

वाद्यवादनात रचना वेगळी. सतार किंवा सरोदचा आलाप चालू असताना तबला नसतो, तबलजी हात जुळवून बसलेला असतो. इथे सुईही पडली तर ऐकू येईल. यांत्रिक शटरवाल्यांनी या काळात काहीही करू नये. आलापानंतरच्या जोडात लय येते, शेवटच्या वेगवान भागात, म्हणजे झाल्यात, आवाज भरतो. झाला ही तुमची हक्काची जागा. त्यानंतर गत (तबल्याच्या साथीनं वाजवायची रचना) सुरू होते, तबलजी पहिल्यांदा हात उचलतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात. त्या पहिल्या समेचा फोटो सहसा संध्याकाळचा सगळ्यात चांगला फोटो असतो. पुढे तिहाई येईल तेव्हाही तसंच. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, तिसऱ्याचा शेवट समेवर पडणार. पहिला ऐकला की तुमच्याकडे तयारीला वेळ असतो.

आणि कधी थांबायचं? गायक तार षड्जावर स्थिरावला, डोळे मिटले, सभागृहानं श्वास रोखला, की सगळे कॅमेरे एकदम वर येतात. नेमकं तेव्हा दाबू नका. त्या सुराच्या आजूबाजूला काहीच नसतं, त्यामुळे एक क्लिकसुद्धा खिळा मारल्यासारखी ऐकू येते. आवाजरहित शटर असेल तर एक फोटो घ्या, पंधरा नकोत. सलग फोटो काढायचा बर्स्ट मोड मैफलीत लागतच नाही. फिल्मच्या जमान्यात एका रोलमध्ये ३६ फोटो यायचे आणि छायाचित्रकार ते रात्रभर पुरवायचे.

तानपुरा जुळवणं, तबला लावणं, पेटीवाल्याशी कुजबुज, पाण्याचा घोट, रुमाल: हे सगळे फोटो मोलाचे असतात आणि कुणाला त्रास न देता मिळतात. नवखे त्या वेळी मोबाईल बघत असतात.

सत्काराच्या वेळी मात्र मनसोक्त काढा. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण, यात सगळ्यांना फोटो हवाच असतो. आयोजकांना हे फोटो पाठवलेत तर पुढच्या वर्षी तुमच्या निरोपाला उत्तर लवकर येतं. ही थोडी व्यवहाराची गोष्ट झाली, पण खरी आहे.

शेवटची भैरवी सुरू झाली की मी स्वतः कॅमेरा बॅगेत ठेवतो. हा नियम नव्हे, माझी आवड. तोवर काही मिळालं नसेल तर भैरवीत काय मिळणार?

चौकटीत काय येऊ द्यायचं नाही

गायकाच्या मागे दोन तानपुरे असतात. एक पाऊल चुकलं की तानपुऱ्याचा दांडा थेट गायकाच्या डोक्यातून उगवलेला दिसतो. कळ दाबण्याआधी डोक्यामागे बघायची सवय लावा. दुसरा शत्रू फलक. मागच्या फ्लेक्सवर प्रायोजकांची नावं एवढ्या ठळक अक्षरांत असतात की फोटोत डोळा आधी तिकडेच जातो. अॅपर्चर उघडं (एफचा आकडा लहान) ठेवा, कोन बदला, किंवा जवळचा चेहरा घ्या.

साथीदारांना विसरू नका. सगळे फोटो मुख्य कलाकाराचे आणि पेटीवाला अर्धा कापलेला, असं आपल्याकडे सर्रास होतं. तानपुऱ्यावर बसलेले बहुधा शिष्य असतात. गुरूच्या गाण्यातल्या एखाद्या सुरेख जागेवर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते गुरूच्या चेहऱ्यावरही नसतं.

श्रोत्यांचे फोटो घ्यायचे तर दूरवरून, समूहाचे घ्या. एखाद्या आजोबांचा डोळे मिटलेला चेहरा सुंदर दिसतोय, मान्य, पण मध्यंतरात त्यांना दाखवून विचारा. बाई एकट्या बसल्या असतील किंवा मूल असेल तर आधी विचारल्याशिवाय लेन्स वळवूच नका.

ग्रीनरूम

तिथे जायचं तर आयोजकांपैकी कुणाला तरी बरोबर घेऊन जा. दार वाजवा. कॅमेरा खांद्यावर मागे असू द्या, हातात नको. नमस्कार करा, आणि मग विचारा: “पंडितजी, दोन फोटो घेऊ का?” ताई असतील तर ताई, बुवा म्हणतात तर बुवा, खाँसाहेब तर खाँसाहेब. कलाकार गळा तापवत असतील किंवा वाद्य लावत असतील तर त्या वेळी बोलायचं नाही, कोपऱ्यात उभं राहायचं. खाताना, औषध घेताना, केस-साडी सावरताना फोटो नाही. दोन मिनिटांत बाहेर पडायचं. सेल्फीची मागणी त्याच दमात करू नका. छायाचित्रकार म्हणून आत गेलात तर त्याच भूमिकेत राहा.

फक्त मोबाईल असेल तर

चालतं. पण मोबाईलचा उजेड हा फ्लॅशपेक्षाही जास्त छळतो, कारण तो क्षणभर चमकून विझत नाही. ब्राइटनेस अगदी तळाला, फोन विमान मोडवर, आवाज बंद, फ्लॅश ‘ऑटो’वर न ठेवता पूर्ण बंद. फोन छातीच्या उंचीवर धरा. डोक्यावर धरलात की मागच्या दहा जणांना मंचाऐवजी तुमचा स्क्रीन दिसतो. बोटांनी झूम करू नका, नुसते ठिपके मिळतात. चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढा, पाच-सहा फोटो घ्या, आणि फोन खिशात.

व्हिडिओ आणि थेट प्रक्षेपण नको. याचा कायद्याशी संबंध आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलम ३८ पासून सादरकर्त्याचे हक्क दिले आहेत, आणि ते सादरीकरणानंतर ५० वर्षं टिकतात. कलाकाराच्या परवानगीशिवाय त्याच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण किंवा दृश्यमुद्रण करून ते पसरवणं हा त्या हक्कांचा भंग. स्वतःपुरतं खासगी मुद्रण किंवा प्रामाणिकपणे शिक्षण-संशोधनासाठी केलेलं मुद्रण कलम ३९ मध्ये वगळलं आहे. पण फेसबुकवर टाकलं की ते खासगी राहत नाही. शिवाय आयोजकांच्या अटी वेगळ्या असतात, त्या मोडल्या तर ते तुम्हाला बाहेर काढू शकतात. या कायद्यातली दृश्यमुद्रणाची व्याख्या हलत्या चित्रांची आहे. स्थिर फोटो त्यात येत नाही. म्हणूनच बरेच आयोजक फोटोकडे कानाडोळा करतात आणि व्हिडिओ दिसला की धावत येतात.

दिवाळी पहाट आणि घरगुती बैठक

नवख्यानं सुरुवात दिवाळी पहाटेपासून करावी. वातावरण मोकळं, श्रोते नटूनथटून आलेले, निम्मे लोक स्वतःच फोटो काढत असतात. आडवं न येणं एवढं पाळलं की झालं. तिथली अडचण उजेडाची. सुरुवातीला मिट्ट काळोख आणि पिवळे दिवे, मग निळसर उजाडतं, आणि शेवटच्या गाण्याला कलाकारांच्या तोंडावर ऊन. आयएसओ ६४०० वरून २०० पर्यंत खाली यावं लागतं. दर अर्ध्या तासानं सेटिंग बघत राहा. दिव्यांचा पिवळा आणि आकाशाचा निळा एकाच चौकटीत येतो तो पंधरा-वीस मिनिटांचा काळ सोडू नका.

घरगुती बैठक नेमकी उलटी. कलाकार हाताच्या अंतरावर, माईक बहुधा नाही, म्हणजे तुमचा श्वाससुद्धा ऐकू जातो. यजमानांना आधी विचारा, मैफलीआधी कलाकारांना भेटा, भिंतीला टेकून बसा, आवाजरहित शटर नसेल तर फक्त टाळ्यांत आणि चहाच्या वेळी काढा. आणि त्या घरातल्या माणसांचे, भिंतींचे, देवघराचे फोटो जगाला दाखवायच्या आधी त्यांना विचारा.

स्टेडियम आणि मोठ्या सभागृहातल्या कॉन्सर्ट

रॉक-पॉपच्या दुनियेत जगभर चालणारा नियम: पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही. पत्रकारांना मंच आणि कठड्याच्या मधल्या पट्ट्यात सोडतात, तीन गाणी झाली की बाहेर काढतात. तिकीट काढून गेलेल्यांना तो पास मिळत नाही, आणि लेन्स निघणारा कॅमेरा बहुतेक ठिकाणी दारावरच अडवतात. जाताना अटींत ते वाचा, नाहीतर महागडा कॅमेरा ठेवायचा कुठे, हा प्रश्न गेटवर उभा राहतो. पट्ट्यात जायची संधी मिळालीच तर कानात बोळे घाला, पाठीवरची बॅग काढून ठेवा, आणि मागच्या छायाचित्रकाराच्या लेन्ससमोर हात वर करू नका. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या कार्यक्रमात चालू वादनात फोटो नाहीच. तिथे रचनेच्या दोन भागांच्या मध्ये टाळ्याही वाजवत नाहीत, तुमचं शटर कुठून चालणार? शेवटच्या टाळ्यांना काढा.

घरी आल्यावर

रात्रीच सगळे फोटो टाकू नका. दुसऱ्या दिवशी निवड करा, दहा-बारा पुरेत. तान घेताना जबडा वाकडा होतो, डोळे पांढरे होतात, मान आखडते. ऐकताना ते सुंदर असतं, गोठलेल्या फोटोत हास्यास्पद दिसू शकतं. भीमसेनजींचे हातवारे आणि चेहरा छायाचित्रकारांना पर्वणीच असायचे, पण त्यांचे लक्षात राहिलेले फोटो बघा: त्यात जोर आहे, थट्टा नाही. शंका आली तर तो फोटो बाजूला ठेवा.

फोटोखाली सगळ्यांची नावं लिहा. तबला, पेटी, तानपुरा, सगळ्यांची, शुद्ध आणि पूर्ण. निवेदक नावं सांगतात तेव्हाच फोनमध्ये टिपून घ्या. राग माहीत असेल तर तोही लिहा, खात्री नसेल तर सोडून द्या. चुकीचा राग लिहिलात तर त्याखाली जी चर्चा रंगते ती तुमच्या फोटोबद्दल नसते.

मालकीचं म्हणाल तर फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याचा. पण कुणी मोबदला देऊन फोटो काढायला लावले असतील तर, वेगळा करार नसल्यास, कलम १७ प्रमाणे पहिला मालक तो काम देणारा ठरतो. म्हणून आयोजकांचं पहिलं पैशांचं काम मिळेल तेव्हा दोन ओळी लिहून घ्या: फोटो कोण कुठे वापरणार, आणि तुम्हाला ते स्वतःच्या नावावर दाखवता येतील का. फुकटात काढलेला फोटो एखाद्या संगीत-कंपनीला किंवा जाहिरातीला विकायचा असेल तर कलाकाराची लेखी संमती घ्या. चेहरा त्यांचा आहे.

कलाकारांना पाठवायच्या प्रती मोठ्या आकारात, वॉटरमार्क न घालता पाठवा. त्यांना तुमचं नाव द्यायचं असेल तर ते देतात. आणि त्यांच्यापैकी कुणी एखादा फोटो काढून टाका म्हणाले, तर कारण न विचारता काढून टाका.